अजून हिरवं शे

जळगावहून सुटलेली पॅसेंजर नंदुरबारजवळ येते तेव्हा आधी नाकाला कळतं. फेब्रुवारीत तर खिडकी बंद असली तरी कळतं. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पसरलेल्या असतात, लांबच लांब, आणि वारा फिरला की तो झणका सरळ डब्यात येतो. एक जण शिंकतो, मग दुसरा, मग नवखे प्रवासी रुमाल शोधू लागतात आणि आम्ही इकडची माणसं एकमेकांकडे बघून हसतो. मला या वासाने अजून भूक लागते. आणि उपवासकाळ आला हेही आठवतं, कारण आमच्या घरात मिरची आणि उपवास या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; यंदा मी त्याच्या आधीच्या शनिवारी खांडबाऱ्याला माहेरी गेले. घराला चुना द्यायचा होता. मायचं वय झालंय. डोळ्यांनी कमी दिसतं, पण भिंतीवर कोळिष्टक आहे हे तिला न बघताही कळतं. ती अंगणात खाटेवर बसून हुकूम सोडत होती आणि मी आत एकेक वस्तू उतरवत होते. मधल्या भिंतीवरची येशूची तसबीर काढली आणि तिच्यामागून काहीतरी माझ्या पायावर पडलं. हलकं, खरखरीत, मातकट रंगाचं. उचलून पाहिलं तर शिंदीच्या पात्याचा क्रूस. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. तरी तो हातात येताच मी खालीच बसले.

तो माझ्या वडिलांनी, आबांनी विणलेला शेवटचा क्रूस होता.

आबा रेल्वेत गँगमन होते. खांडबाऱ्याच्या दोन्ही अंगांना रुळाच्या कडेने चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या, खडी सारखी करायची, हेच त्यांचं आयुष्य. हिवाळ्यात काम जास्त. थंडीत लोखंड आखडतं आणि एखाद्या पहाटे रूळ तडकतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघावं लागे. पहाटे ते निघायचे तेव्हा मी गोधडीतून बघत असे. अंगात निळा कोट, त्यावर मायची जुनी शाल, कानाला मफलर, आणि सगळ्याला मिळून रुळाखालच्या लाकडी स्लीपरच्या डांबराचा एक वास. तो वास धुऊन जात नसे. आबा घरात नसले तरी खुंटीपाशी गेलं की आबा असल्यासारखं वाटे.

परत आले की अंगणातल्या शेकोटीपाशी बसून हात शेकायचे. बोलणं कमी, पण एखादं वाक्य असं टाकायचे की ते पुढे कित्येक दिवस डोक्यात राहायचं. एकदा मी शाळेत काहीतरी तोडफोड करून ती लपवत होते. आबांना सुगावा लागला असणार. ते निखारे सारखे करत म्हणाले, "हिवायामा लोखंडबी आपली भेग दाखाडस. मानूस कसाले लपाडस?" एवढंच. मी रडत रडत सगळं सांगून मोकळी झाले. पुढे चर्चमध्ये उपवासकाळावर कितीतरी प्रवचनं ऐकली, मन तपासा, पश्चात्ताप करा. मला दर वेळी तो थंडीतला रूळच दिसतो आणि त्यावर कान देऊन ओणवे झालेले आबा.

आमच्याकडचा हिवाळा संपताना रान रिकामं होतं. सागाची पानं गळतात, मोहाखाली सावली उरत नाही, आणि एरवी झाडीत लपलेल्या टेकड्या अचानक अंगणापर्यंत आल्यासारख्या दिसतात. मग त्या उजाड रानात पळस पेटतो. अंगावर एक पान नाही आणि फुलं मात्र अशी, की बघणाऱ्याने थांबावं. माय म्हणायची, देव आधी घर झाडून घेतो. तिच्या हातात तेव्हा खरोखरच केरसुणी असायची, शिंदीचीच. ज्या पात्यांनी घर झाडायचं त्याच पात्यांनी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी प्रभूचं स्वागत करायचं, याचं तिला कधी नवल वाटलं नाही. मला मात्र अजून वाटतं.

नारळ आमच्याकडे नाहीत. झावळ्यांच्या रविवारी लोक हातात धरतात त्या झावळ्या आमच्याकडे शिंदीच्या. नाल्याकाठची, रुळाच्या उतारावरची शिंदी. पात्याची टोकं इतकी तीक्ष्ण की काढताना बोटं फुटतात. आबा आदल्या दिवशी कोवळी पाती काढून आणायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि संध्याकाळी अंगणात बसून त्यांचे क्रूस विणायचे. आमच्या आळीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांसाठी. पातं मधे दुमडायचं, दुसरं त्यात आडवं ओवायचं, आणि मग बोटाने एक घडी अशी घालायची की मधे छोटी चौकोनी गाठ बसायची. ती गाठ फक्त आबांची. बाकी कुणाचा क्रूस आठ-पंधरा दिवसांत सैल पडे, आबांचा वर्षभर तसाच राही. हातोडा धरून राठ झालेली ती बोटं इतकं नाजूक काम करताना बघणं हा आमच्या घरातला मोठा आनंद होता.

हे क्रूस वर्षभर घराघरांत तसबिरीमागे राहायचे. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी ते सगळे परत गोळा करायचे, मंगळवारी जाळायचे, आणि त्याच राखेचा क्रूस फादर सगळ्यांच्या कपाळावर काढायचे. गोळा करायचं काम मायचं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. ती घरोघर जायची, दारातूनच हाक मारायची, "तुम्हनं वायेल दी द्या, व माय." वाळलेलं द्या. बायका तसबिरीमागे हात घालून काढून द्यायच्या आणि माय ते पिशवीत टाकून पुढच्या दारात.

या पिशवीवरून एकदा जे झालं ते आमच्या चर्चमध्ये अजून सांगतात. माय हिवाळ्यात सकाळच्या गाडीने बायकांबरोबर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जायची, देठं खुडायला. दिवसभर मिरचीत बसायचं, संध्याकाळी परत. हाताची आग व्हायची म्हणून ती आम्हाला जवळ घेताना मनगटानेच घ्यायची. त्या वर्षी तिला घाईत पिशवी सापडेना, म्हणून तिने पथारीवरून आणलेल्या रिकाम्या गोणीतच सगळे क्रूस गोळा केले आणि ती गोणी तशीच चर्चच्या अंगणात घमेल्यावर उपडी केली. तळाशी मिरचीचं बी आणि चुरा. आग लागली आणि जो काही ठसका उठला तो विचारू नका. म्हातारे, पोरं, सिस्टर, सगळे पदर आणि रुमाल तोंडाला लावून कुंपणापर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी ती राख कपाळाला लागली तर कपाळंही चुरचुरली. तेव्हाचे फादर वयस्कर होते, मंगळुरूकडचे, मराठी जपून बोलायचे. डोळे पुसत ते वेदीवरून म्हणाले, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझे सगळे लोक रडले." माय शरमेने मान वर करेना. आबा मात्र खाली बघून हसत होते, त्यांचे खांदे हलत होते ते मला दिसलं. पुढच्या वर्षी मायने मांजरपाटाची वेगळी पिशवी शिवली आणि ती कुठल्याच दुसऱ्या कामाला वापरली नाही.

आणि मिरचीच ती सोडायची. चाळीस दिवस. मिरचीच्या जिल्ह्यात, मिरचीत दिवस काढून, घरी आल्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तेल, मीठ आणि कांदा. ठेच्याचा खलबत्ता धुऊन पालथा घालून ठेवायची. आबा बिडी सोडायचे आणि पहिला आठवडा घरात सगळ्यांवर चिडायचे, मग स्वतःच ओशाळायचे. आम्हा मुलांना काही सोडायची सक्ती नव्हती, पण तिखटाशिवायची भाकरी आमच्याही ताटात यायचीच. ईस्टरच्या पहाटे चर्चहून आल्यावर माय खलबत्ता सुलटा करायची आणि ठेचा कुटायची. तो ठणठण आवाज आळीत ऐकू गेला की शेजारच्या बायका म्हणायच्या, उठला गं यांचा देव. पुनरुत्थान म्हटलं की मला घंटा आठवत नाही, तो बत्ता आठवतो.

आबांच्या गँगमध्ये मोलगीकडचे दित्याकाका होते. त्यांचा धर्म वेगळा, देव डोंगरातले. पण होळीआधी त्यांचीही पाळणी असायची. नवस बोललेला माणूस ती पाळतो. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, पायात काही घालायचं नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही, आणि होळीला अंगभर राख आणि तांदळाच्या पिठाची नक्षी काढून, कमरेला घुंगरं बांधून नाचायचं. सुट्टी मिळेपर्यंत ते अनवाणीच खडीवर काम करत. मुकादम बोलायचा, पण दित्याकाका ऐकून घ्यायचे आणि तसेच चालायचे. आमच्याकडे आले की माय त्यांच्यासाठी खाट उचलून भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे त्यांना नाही म्हणायची पाळी येऊ नये. आणि त्यांच्यासमोर पीठ-मीठ मांडून द्यायची, ते स्वतःच भाकर थापायचे. तेवढ्या वेळात आबाही खाली जमिनीवर बसलेले असत. दोघे बिडीशिवाय गप्प बसून चूल बघत. मी एकदा मायला विचारलं, त्यांचा उपास आणि आपला उपास एकच का? ती म्हणाली, "भूक त्ये एकच शे ना." मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

एका वर्षी झावळ्यांच्या रविवारी आबांनी क्रूस विणले आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पळस तसाच फुलला, आणि माय तशीच मांजरपाटाची पिशवी घेऊन दारोदार गेली. सगळ्यांचे क्रूस गोळा केले. सगळे आबांच्याच हातचे होते, सगळे तिने घमेल्यात घातले, सगळे जळले. आमचा तेवढा तसबिरीमागे राहिला. कुणी काही विचारलं नाही. दर वर्षी तेच. झावळ्यांच्या रविवारी दित्याकाका शिंदीचं एक पातं उंबऱ्यावर ठेवून जायचे, ते जिवंत होते तोवर. माय ते साधं पातं तसबिरीला खोचायची आणि पुढच्या वर्षी तेच द्यायची. मागचा क्रूस जागचा हलत नसे. नवीन फादर आले, घरं फिरताना त्यांची नजर गेली. जुना दिसतोय, जाळायला दिला नाही का, असं त्यांनी सहज विचारलं. माय पाणी देता देता म्हणाली, "आमनं अजून हिरवं शे." फादरांनी त्या तपकिरी, करकरीत वाळलेल्या क्रूसाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि पाणी पिऊन गेले. चांगला माणूस.

हे सगळं त्या शनिवारी चुन्याच्या वासात मला आठवत होतं. क्रूस माझ्या तळहातावर होता. एक टोक तुटलं होतं, पण मधली गाठ तशीच घट्ट. मी मनाशी ठरवून टाकलं की हा जळगावला माझ्या घरी न्यायचा. काचेची छोटी पेटी करून घ्यायची. आबांचा हातोडा रेल्वेने परत घेतला, कोट उंदरांनी खाल्ला, फोटो एकच आणि त्यातही ते हललेले. त्यांच्या बोटांची एवढी एकच खूण जगात उरली आहे. माय म्हातारी झाली, घर उद्या कुणाकडे जाईल सांगता येत नाही.

मी बाहेर येऊन तिला हे सांगितलं. ती हात पुढे करून म्हणाली, "ते आठे लई ये." मी तिच्या हातात दिला. तिने डोळ्यांशी नेला नाही. अंगठ्याने नुसती गाठ चाचपली, बराच वेळ.

"यंदा मी देई देसू," ती म्हणाली.

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. मी म्हटलं, "माय, इतला साल तू दिधं नही, आते कसाले?"

"आते वायनं ते."

मी चिडले. आता वाळलं म्हणजे काय? मी तिला म्हटलं की मला हवाय तो, मी जपून ठेवेन, तुला त्याचा काही त्रास नाही. ती ऐकत होती. समोरच्या कुंपणावर हरभऱ्याचे टहाळे वाळत टाकले होते, त्यांचा आंबूस वास येत होता.

"ठेईसन काय करशी?" ती म्हणाली. "मी जासू, मंग तू हाई काचमा घालशी. तुन्हा मांगे तुन्ही पोर. तो तठेच आडकी पडी. मी त्याले इतला साल आडकाडी ठेवं, पोट भरनं मन्हं. आते जाऊ दे त्याले."

मग तिनेच विचारलं, "तू काय सोडस यंदा?"

"चहा," मी म्हटलं. दर वर्षी मी चहाच सोडते.

"चहा त्ये कोनीबी सोडस," माय म्हणाली आणि क्रूस माझ्या मांडीवर ठेवला. "तूच टाक. मन्हा हात नही चालाव."

रविवारी तिला चालवत नव्हतं म्हणून पिशवी घेऊन मी दारोदार गेले. लाज वाटली आधी. मग दोन-तीन घरं झाल्यावर तोंडातून तिचंच वाक्य तिच्याच चालीत बाहेर पडलं, आणि एका म्हाताऱ्या बाईने आतूनच विचारलं, "बरी शे का व आते?" तिला वाटलं मायच आली. आमचा क्रूस मी पिशवीत घातला नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तोवर माझं ठरलं नव्हतं, हे खरं सांगते. मायने त्या दोन दिवसांत एकदाही विचारलं नाही, आणि तिच्या त्या न विचारण्याचाच मला राग येत होता आणि त्याचंच कौतुकही वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात घमेलं मांडलं. तेच जुनं घमेलं, आबांनी आणलेलं, कडा झिजलेली. मायला रिक्षाने नेलं होतं. ती खुर्चीवर बसली होती, मांडीवर राख चाळायचं पांढरं फडकं. ऊन उतरलं होतं, थंडी परत एकदा अंगावर येऊन जात होती. मी पिशवी उपडी केली. साधी पाती, सैल पडलेले क्रूस, कुणीतरी रंगीत दोऱ्याने बांधलेले. आग धरली. शिंदी पटकन पेटते, वेळ देत नाही.

मी पर्स उघडली. मायकडे पाहिलं तर तिचं तोंड आगीकडे होतं. ती माझी वाट बघत होती की आगीची ऊब घेत होती ते मला सांगता येणार नाही. एवढं मात्र कळत होतं की जी बाई मिरचीत दिवस काढून मिरची सोडू शकायची, तिला ही एक गोष्ट सोडायला अर्धं आयुष्य लागलं. आणि तिने ती सोडली तीही माझ्या हातून, म्हणजे मलाही सोडता यावं. मी वर्तमानपत्र उलगडलं आणि क्रूस घमेल्यात टाकला.

आडवी पाती लगेच गेली. गाठ राहिली. मग आगीत ती घडी हळूहळू सैल झाली, आबांच्या बोटांनी दुमडलेलं पातं इतक्या वर्षांनी सरळ झालं, एक क्षण तसंच लाल दिसलं आणि गेलं. धूर माझ्याकडे आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मला ते पुसावंसं वाटलं नाही.

"पिशवीमा मिरची व्हती का व?" माय म्हणाली.

मी रडता रडता हसले. ती हसत नव्हती. तिने हात पुढे केला, मी तो धरला. देठं खुडून खुडून घट्टे पडलेला तो हात आता मऊ झाला आहे. राख थंड झाल्यावर तिने स्वतः ती फडक्यातून चाळली, डोळ्यांनी न दिसताही एक कण खाली सांडला नाही.

बुधवारी सकाळी चर्च भरलं होतं. फादरांनी 'तू माती आहेस, मातीलाच मिळशील' हे नेहमीचं वाक्य म्हणत आधी मायच्या कपाळावर अंगठा टेकवला, मग माझ्या. त्यातली आबांची राख कुठली आणि शेजारच्या घरातली कुठली, कोण सांगणार? सगळ्या आळीच्या कपाळावर ते थोडे थोडे होते. मायने चर्चच्या पायरीवर बसून मला जवळ ओढलं, यंदा मनगटाने नाही, हाताने, आणि म्हणाली, गाडी चुकेल, जा.

खांडबाऱ्याला पॅसेंजर आली. शेजारच्या बाकावर नऊवारी नेसलेली एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. नंदुरबार जवळ आलं, मिरचीचा झणका आला, आम्ही दोघी शिंकलो आणि हसलो. मग तिला धीर आला. तिने पदराचं टोक ओलं करून माझ्यापुढे धरलं.

"बाई, तुम्हना कपायले कायं काही लागेल शे. पुसी टाका."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "घरनं शे."